म्युझियमवाल्यांनी "खेळायला या" म्हणून बोलावलंय, एकटीनं जावं का? आणि भोकाची वाटी नेऊ का?

वाईची_लेक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा खुळचट आहे पण इथे कुणी हसलं तरी तोंड दिसत नाही म्हणून विचारते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, पेठेतल्या एका छोट्या म्युझियममधे येत्या रविवारी संध्याकाळी लोकांना बोलावलंय. भाषण नाही, सत्कार नाही, दीपप्रज्वलन नाही (हे वाचूनच मी अर्धी तयार झाले), नुसतं यायचं, मांडी घालून बसायचं, सोंगट्या, गंजिफा, सागरगोटे असले जुने खेळ खेळायचे आणि घरातली एक जुनी वस्तू आणायची जी बाकीच्यांनी ओळखायची. ज्याची वस्तू कुणालाच ओळखता येणार नाही तो जिंकला, बक्षीस काय तर चिंचोक्यांची पुरचुंडी.

आता माझं वय ५४. मिस्टरांना विचारलं तर म्हणे रविवारी मॅच आहे. मुलगी बंगलोरला. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली "म्युझियममधे काय बघायचं गं, भांडी?" पुण्यात २६ वर्षं राहून मी म्युझियममधे तीनदा गेलेय, तिन्ही वेळा घरी पाहुणे आले होते म्हणून. आणि तिथे शिरलं की माझे हात आपोआप मागे जातात, शाळेच्या सहलीत बाईंनी लावलेली सवय, काचेला बोट लागलं की धपाटा. त्यामुळे तिथेच जाऊन बसकण मारून खेळायचं म्हणजे कसंतरीच वाटतंय. वर फॉर्ममधे वयोगटाचे पर्याय आहेत ६ ते १२, १३ ते १८ आणि "पालक". मी यातलं नक्की कोण? लहान पोरांचं असेल आणि मीच एकटी मोठी बाई तिथे घुटमळत असेन तर नको वाटतं.

दुसरं म्हणजे वस्तू. घरात जुनं म्हणावं असं एकच आहे, तांब्याची एक वाटी. वाटी म्हणते पण वाडग्याएवढी आहे, दोन ओंजळी पाणी मावेल. पत्रा पातळ, बूड गोल, जमिनीवर ठेवली की डुगडुगते, आणि तळाला भोक. वाईच्या घराच्या माळ्यावर होती. घर विकलं तेव्हा आई घेऊन आली आणि म्हणाली भोक पडलंच आहे तर कुंडी म्हणून बरी, गेली १२ वर्षं तिच्यात ओव्याचं रोप आहे, पाण्याचा निचराही झकास होतो. असली फुटकी वस्तू नेली तर हसं होईल का? कुणी गेलंय का अशा कार्यक्रमाला? काय असतं नक्की तिथे?

पेठेतला_पोपट

जा. डोळे मिटून जा. मी गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी गेलो होतो, मुलाला घेऊन, आणि पोरगं अर्ध्या तासात कंटाळून पायऱ्यांवर मोबाईल घेऊन बसलं आणि मी पावणेतीन तास सोंगट्या खेळलो, बायकोचे सात मिस्ड कॉल. पोरांचं म्हणून जाहिरात करतात कारण पोरांच्या नावावर पालक येतात, खरे खेळतात पन्नाशीच्या पुढचे. फॉर्ममधे पालक टाका, कुणी जन्मदाखला मागत नाही.

प्रॅक्टिकल सांगतो. सतरंजीवर बसायला लागतं, गुडघ्याचा त्रास असेल तर घरून छोटी उशी न्या. गाडी नेऊ नका, पेठेत रविवारी संध्याकाळी गाडी लावायची म्हणजे तोच एक खेळ होतो. आणि वस्तूचं म्हणाल तर फुटकी असली तरी बिनधास्त न्या. केळकर म्युझियम बघितलंय ना, बाजीराव रोडजवळचं? तीनपैकी एकदा तिथेच गेला असाल. तिथे राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा लोक कुठे थबकतात तर अडकित्ते, वज्री, कुलपं, दिवे, दौती. म्हणजे तुमच्या मैत्रिणीच्या भाषेत भांडी! दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमाराला जमवायला सुरुवात केली, लोकांनी माळ्यावर टाकलेल्या याच वस्तू गावोगाव फिरून गोळा केल्या, आज २० हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या जेमतेम अडीच हजार. माणूस कवी होता, अज्ञातवासी नावानं लिहायचा, आणि म्युझियमला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. मी दर वेळी ती पाटी वाचतो आणि दर वेळी गप्प होतो. असो, विषयांतर झालं.

शिस्तप्रिय_६२

मला हे सगळे नवीन फॅड पटत नाही, स्पष्ट सांगतो. म्युझियम ही बघायची आणि वाचायची जागा आहे, जत्रा नव्हे. आधीच आपल्याकडे लोक मूर्तीच्या गळ्यात हात घालून फोटो काढतात, त्यांना आता खेळायलाही बोलवा. तांब्या-पितळेला घामट बोटं लागली की डाग पडतात, तो डाग नंतर निघत नाही. त्यापेक्षा वस्तूखालच्या पाट्या नीट करा म्हणावं, अर्ध्या ठिकाणी नुसतं "भांडे, १९ वे शतक" लिहिलेलं असतं. ते भांडं कशाचं, कुणाचं, काही नाही. हे न करता सतरंज्या कसल्या अंथरताय.

अजबबंगलेवाला

काका, पाट्यांबद्दल १०० टक्के सहमत. पण बाकी नाही जमलं बुवा. आमच्या नागपुरात म्युझियमला कोणी म्युझियम म्हणतच नाही, रिक्षावाल्याला सांगा मध्यवर्ती संग्रहालय, तो तुमच्याकडे बघत राहीन. अजब बंगला म्हणा, सोडून देते. १८६३ पासूनची जागा आहे ती आणि लोकांनीच ते नाव ठेवलं, आमचे आजोबा लहानपणी तिथे "अजब बघायला" जायचे, ज्ञान घ्यायला नाही. मजा हीच पहिली पायरी होती हो.

आणि खेळायचं म्हणाल तर वेरूळला २१ नंबरच्या आणि २९ नंबरच्या लेण्यात खुद्द शंकर-पार्वती फासे टाकत बसले आहेत, दगडात कोरलेले. नाशिकच्या पांडवलेण्यात जमिनीवर खेळाचे खळगे कोरलेले आहेत, कोण कधी खेळलं कुणास ठाऊक पण कुणीतरी छिन्नी घेऊन बसलंच होतं ना वेळ काढून. आपण सतरंजी टाकली तर काय बिघडलं.

खरी वस्तू हातात देत नसतातच ताई अशा ठिकाणी, खेळायला नवीन बनवलेले पट असतात. काका उगाच घाबरवतात.

कुडाळचो_झील

गंजिफा म्हटल्यावर आमच्या मुलखातलं कोणीतरी बोलायलाच हवं, म्हणून मी.

ताई, जाणार असाल तर गंजिफाच्या सतरंजीवर बसाच, कारण बाकीचे खेळ तुम्हाला येत असतील पण हा कुणालाच येत नसतो आणि सगळे एकसारखे अडाणी असले की लाज वाटत नाही. पानं गोल असतात, पत्त्यासारखी चौकोनी नाही. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पानं, एकूण १२०. तीन जणं खेळतात म्हणजे एकेकाच्या वाट्याला ४० पानं! ४० गोल पानं एका हातात धरून दाखवा मला. पहिल्यांदा मी धरली तेव्हा मत्स्य आणि वराह थेट समोरच्याच्या मांडीवर. हुकूम वगैरे भानगड नाही, पण अर्ध्या रंगांत दहा वरचढ आणि अर्ध्या रंगांत एक्का वरचढ, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. आणि सगळ्यात भारी नियम म्हणजे दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्ण त्याने. संध्याकाळचा कार्यक्रम आहे ना तुमचा, मग आधी दिवस की रात्र यावर भांडण होणार बघा, आमच्याकडे होतंच.

सावंतवाडीला राजवाड्यात अजून हाताने रंगवतात, दरबार हॉलमधे कारागीर बसलेले असतात, जाऊन बघता येतं. ही कला जवळपास संपलीच होती, सत्तरच्या दशकात शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या चितारी लोकांना शोधून परत सुरू करवली. चिंचोक्याची खळ लावायची, वर रंग, वर लाख. म्हणजे तुमचं बक्षीस तेवढं वाया जायचं नाही.

लातूरचा_बाब्या

चिंचोक्यांचा विषय निघालाच आहे तर. ताई ते चिंचोके जिंकलात तर खाऊ नका नी टाकूही नका. फरशीवर एका बाजूनं घासायचे, पांढरं पोट दिसेपर्यंत, बोटं भाजतात घासताना पण मजा येते. असे चार घासले की झाले तुमचे फासे. आमच्याकडं ह्याला चल्लस म्हणतात, पाच बाय पाचचा पट, २५ घरं, फुल्या मारलेल्या घरात सोंगटी मरत नाही. चारही उताणे पडले की चार, चारही पालथे पडले की आठ, चार आठ पडलं की परत टाकायचं. पुण्याकडं कायतरी अष्टचंग म्हणतात म्हणे. नाव काहीही म्हणा.

गावात पाराखाली म्हातारे लोक कोळशानं पट आखून दुपारभर बसायचे, हारला की पट पुसून टाकायचे पायानं, म्हणजे पुरावा नको. आमचा आजा असाच एकदा धोतरानं पट पुसून घरी आला आणि आजीनं कोळशाचं धोतर बघूनच ओळखलं की आज हारून आलाय. हे म्युझियममधे दाखवणार का कोणी?

घटकाभर_टेका

सगळं वाचलं पण कुणाचंच त्या वाटीकडे लक्ष गेलेलं दिसत नाही! ताई, पटकन सांगा, भोक नेमकं मधोमध आहे का? आणि केवढं आहे, सुई जाईल एवढं की बोट जाईल एवढं? कडेला लोंबकळवायला कड्या किंवा कड्यांची भोकं आहेत का?

मधोमध असेल, बारीक असेल आणि कड्या नसतील तर तुमच्या वाटीला भोक पडलेलं नाही, पाडलेलं आहे.

ते घटिकापात्र असू शकतं. म्हणजे घड्याळ. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर रिकामं सोडायचं, भोकातून हळूहळू पाणी आत येतं, भरलं की बुडतं, बुडलं की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. उचलायचं, ओतायचं, परत सोडायचं. दिवसरात्रीत ६० वेळा. सूर्यसिद्धांतात हेच वर्णन आहे, तांब्याचं पात्र, तळाला छिद्र, स्वच्छ पाण्यात ठेवलं की अहोरात्रात ६० वेळा बुडतं. आपण घटका भरली म्हणतो, घटकाभर बस म्हणतो, शेवटच्या घटका मोजतोय म्हणतो, ते सगळं या वाटीतून आलंय. पूर्वी लग्नात जोशीबुवा हीच घेऊन बसायचे मुहूर्त धरायला, घटिकास्थापना म्हणून विधीच होता. तुमचं वाईचं घर, घरात कुणी जोशीपण करायचं का?

शंकराच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र असण्याचीही शक्यता आहे, त्यालाही तळाला भोक असतं, पण ते टांगायचं असतं म्हणून कड्यांचं विचारलं.

आणि कृपा करून घासू नका. चिंच, मीठ, लिंबू, काही लावू नका, भोक एवढंसंही मोठं झालं तरी वेळ चुकणार.

वाईची_लेक

अगं बाई!! भोक अगदी मधोमध, दाभण जाईल एवढं. कड्या नाहीत, कड्यांची भोकंही नाहीत. आणि हो, आजोबांचे थोरले चुलते भिक्षुकी करायचे, पंचांग घेऊन गावोगाव लग्नं लावायला जायचे असं आई सांगते.

घासू नका हे तुम्ही सकाळी लिहिलंत, आईनं काल रात्रीच ओव्याचं रोप काढून चिंच-मीठ लावून लख्ख केली. म्युझियममधे न्यायची तर काळी कशी न्यायची म्हणे. भोकात माती अडकली होती ती दाभणानं कोरून काढली!

आता मी जातेच. आणि आईलाही नेते. ७९ वर्षांची आहे पण "मला कोणी विचारलंच नाही" म्हणून कालपासून फुगून बसली होती.

घटकाभर_टेका

दाभणानं. बरं. जाऊन या आणि सगळं लिहा. आणि कुणाला आधी सांगू नका काय आहे ते!

वाईची_लेक

जाऊन आलो! मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तक्रार करून टाकते म्हणजे मन मोकळं होईल. मेसेजमधे चार वाजता लिहिलं होतं, आम्ही पावणेचारला हजर, दार बंद, वॉचमन म्हणाला पाचला आहे. विचारलं तर म्हणे दुसऱ्या ग्रुपवर पाच लिहिलं होतं. ७९ वर्षांच्या बाईला सव्वा तास पायरीवर बसवलं, आत गेल्यावरही खुर्ची एकच आणि तिच्यावर साऊंड सिस्टिम. आईनं त्या पोराकडे असं बघितलं की त्यानं स्पीकर उचलून कडेवर घेतला मुलासारखा आणि खुर्ची रिकामी करून दिली.

पण त्यानंतर काय झालं ते ऐका. साठेक माणसं असतील, पोपटराव म्हणाले ते खरं, पोरं थोडी आणि आमच्यासारखेच जास्त. एकट्याही बऱ्याच जणी आल्या होत्या. पाच सतरंज्या, मधे वस्तूंचं टेबल. आई खुर्चीत बसेल म्हणून एवढा खटाटोप केला तर ती पाच मिनिटांत सागरगोट्यांच्या सतरंजीवर, कशी खाली बसली मला कळलंच नाही, घरी जमिनीवर बसायचं म्हणलं तर गुडघा गुडघा करते. समोर कॉलेजच्या चार मुली. एकीनं विचारलं आजी येतं का तुम्हाला. आईनं उत्तर दिलं नाही. पाच सागरगोटे ओंजळीत घेतले, खुळखुळवले, वर टाकले आणि तळहात उलटा करून पाचही हाताच्या पाठीवर झेलले. त्या हातावर इतक्या सुरकुत्या आहेत ना, गोटे त्या खाचांत बसल्यासारखे जागच्या जागी राहिले, एकही घरंगळला नाही. मग एकखडी, दुखडी सुरू, आणि तोंडानं पुटपुटत काहीतरी मोजत होती जे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. ५४ वर्षं या बाईबरोबर आहे मी. ती म्हणाली शेवटचे खेळले ते लग्नाच्या आधी, सासरी सागरगोटे घेऊन बसणार कधी.

मी तोवर गंजिफात. कुडाळवाले भाऊ, झालं तसंच, दिवस की रात्र! खिडकीतून ऊन येत होतं पण घड्याळात सहा वाजून गेलेले, एका काकांकडे कृष्ण होता ते म्हणे आता रात्रच धरा, एका मुलीकडे राम, ती म्हणे दिवा लावला नाहीये अजून, म्हणजे दिवस. शेवटी काकांनी उठून दिव्याचं बटण दाबलं आणि खाली बसून म्हणाले झाली रात्र. पानं मी मांडीवर तीन रांगांत लावली, हातात धरायच्या भानगडीतच पडले नाही. खेळ पूर्ण कळला नाही पण दोनदा जिंकले बहुतेक, काका चिडले होते त्यावरून.

मग वस्तू. एकानं अडकित्ता आणलेला, सगळ्यांनी ओळखला. एकीनं लाकडी ठसे, ओळखले. एका मुलानं कॅसेट आणली, ती सहा ते बारा वयोगटात कुणालाच ओळखता आली नाही आणि आम्ही सगळे एकदम म्हातारे झालो. मग आमची वाटी. मी तोंड मिटून उभी. दिवा, कोथिंबिरीची कुंडी (हे ऐकून आई हसली), तुपाची धार सोडायचं भांडं, दही टांगायचं, एक जण म्हणाला फुटकी वाटी, ताई चेष्टा करताय. एक धोतरातले गुरुजी होते ते ठामपणे म्हणाले अभिषेकपात्र, पैज लावतो. मी म्हणलं कड्या कुठायत? ते म्हणे तुटल्या असतील.

तेव्हा मी म्हणलं बादली आणा.

म्युझियममधे बादली मागितल्यावर काय गोंधळ उडाला. शेवटी झाडलोटीची बादली विसळून मिळाली, प्लास्टिकची, कडी गंजलेली. अंगणात ठेवली, पाणी संथ होऊ दिलं, आणि आईनं वाटी अलगद सोडली. तरंगली! गोल बूड आहे ना, जमिनीवर डुगडुगणारी वाटी पाण्यावर एकदम शहाण्यासारखी स्थिर. आणि तळातून बारीक कारंजं सुरू झालं, दोऱ्याएवढं. कोणीतरी मोबाईलवर वेळ लावली. चिंचोक्यांवर पैजा सुरू झाल्या, दोन मिनिटं, पाच मिनिटं, गुरुजी म्हणाले तीन. अभिषेकाचं भोक असतं तर तेवढ्यात भरली असती म्हणे.

तीन मिनिटं झाली. पाच झाली. सात झाली. आत बोटभर पाणी पण नाही. पोरं बादलीभोवती पालथी पडून बघायला लागली, हळूहळू आतल्या सतरंज्यांवरचे सगळेच बाहेर आले. आणि एवढी माणसं जमून कोणी बोलेना, मोबाईल फक्त वेळ बघायला. पंधरा झाली तेव्हा गुरुजींनी आपले चिंचोके न बोलता माझ्या हातात ठेवले. शेवटी शेवटी ती काठापर्यंत आली, पाणी काठाच्या वर फुगल्यासारखं दिसतं बघा, तसं झालं, आणि एकदम, खरंच एकदम, गुडुप. आवाजही नाही फारसा. एका पोरानं ताटलीवर चमचा मारला ठण्णकन, त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

२१ मिनिटं ४० सेकंद.

लातूरचा_बाब्या

अंगावर काटा आला राव. आजीच्या सागरगोट्यांचा व्हिडिओ आहे का??

इंजिनियर_पण_बरा

मजा आली वाचून, पण २४ च्या ऐवजी २१:४० का याचं उत्तर सांगतो. दाभण. भोकाचा व्यास पाच टक्के वाढला तरी क्षेत्रफळ दहा टक्के वाढतं आणि भरायचा वेळ तेवढ्याच प्रमाणात घटतो, म्हणजे २४ चे साधारण २१:४५ होतात. बरोब्बर तुमचा आकडा! हे जरा जास्तच जुळतंय म्हणून मीच माझ्यावर संशय घेतोय, कारण वाटीला पोचा असेल, पाणी गार-गरम असेल तरी फरक पडतो. पण अभिषेकपात्र नाही एवढं नक्की, कुणी विनाकारण इतकं बारीक भोक पाडत नाही. घरी पाच वेळा करून बघा, एका प्रयोगाला काही अर्थ नसतो.

शिस्तप्रिय_६२

माझं आधीचं मत मी बदललेलं नाही. बादली झाडलोटीची होती हे वाचून तर मुळीच नाही.

पण ताई, एक लिहायचं होतं. आमच्या थोरल्या आत्याच्या लग्नात, मी पाच-सहा वर्षांचा असेन, मला एका घंगाळापाशी बसवलं होतं आणि सांगितलं होतं ही बुडली की ओरड. मनगटी घड्याळं होती घरात, पण आजोबांना ती पसंत नव्हती. मी बसलो आणि मला झोप लागली. मंगलाष्टकं सुरू असताना मोठा आरडाओरडा झाला एवढं आठवतं. इतकी वर्षं मला वाटायचं ती कुठलीतरी साधी वाटी होती आणि मला गुंतवून ठेवायला तसं सांगितलं होतं. पाटीवर काय लिहिलं होतं का तिथे अशा वस्तूच्या? की "भांडे"च?

वाईची_लेक

शिस्तप्रियकाका, सांगू का, निघताना म्युझियममधल्या मॅडमनी आम्हाला आतलं एक कपाट दाखवलं, तिथे अगदी अशीच एक आहे, थोडी लहान. पाटीवर "वाडगा, तांबे" लिहिलंय. त्यांनी माझ्यासमोर तळाला टॉर्च मारून बघितला आणि मग दोघी एकमेकींकडे बघत बसलो. पाटी बदलणार म्हणाल्या. बघू.

बाब्या, व्हिडिओ नाही, मी बघतच राहिले, फोन पर्समधे.

इंजिनियरभाऊ, पाच वेळा नाही, सोमवारपासून ११ वेळा झालंय. आई स्वयंपाकघरात पातेलं घेऊन बसते आणि वहीत लिहिते, २१:३५, २१:५०, २२ च्या पुढे एकदाही नाही. काल भाताचा कुकर त्यावर लावला, शिट्ट्या न मोजता, आणि भात थोडा गिच्च झाला तर म्हणे दाभण कुणी घातलं त्यात, तूच ना. मी नाही घातलं! ओव्याच्या रोपाला आता नवीन कुंडी आणलीय, आणि पुढच्या वेळी जायचं तर बादली आपली घरची न्यायची असं तिनं परस्पर ठरवून टाकलंय.